एक तिकीट की दोन

चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, गुरुजी, मोठ्या बाईंच्या खोलीत तुमचा फोन आहे, सचिनवरून. सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका मिलमध्ये माझे शालक धनाभाऊ रंगमास्तर होते. तिथून शाळेत फोन आला की तो बहुधा त्यांचाच असे, आणि कामाचा कधीच नसे. आज घरी भरीत केलंय, सुमनला घेऊन या, एवढंच सांगायला ते शेठच्या टेबलावरचा फोन वापरत. म्हणून मी खडू हातात तसाच धरून, थोडा हसतच गेलो. फोनवर धनाभाऊ नव्हते. मिलचा सुपरवायझर हिंदीत बोलत होता, फार सावकाश, एकेक शब्द निवडून... पहिल्या लॉटचा तुकडा घेऊन ते नेहमीप्रमाणे उजेडात बघायला दरवाज्याशी गेले, आणि तुकडा हातात धरूनच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. वय बावन्न. मी परत वर्गात आलो, फळ्यावरचं अर्धवट गणित पूर्ण केलं, आणि बाकी किती उरते ते मुलांना विचारलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अंत्यविधीला बमरोलीपासून सचिनपर्यंतची माणसं आली होती. खानदेशातून भाऊबंद आले, मिलचे शेठ आले, ज्यांना त्यांनी पहिल्यांदा कामाला लावलं असे कितीतरी जण आले. फक्त अक्का येऊ शकल्या नाहीत. अक्का म्हणजे धनाभाऊंची आणि माझ्या पत्नीची, सुमनची, थोरली बहीण. त्या लग्न झाल्यापासून मद्रासला असतात. यजमान तिथल्या सरकारी कारखान्यात होते, मुलं तिथलीच भाषा बोलतात. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आगगाडीचे हादरे नकोत असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं आहे. गेली कितीतरी वर्षं त्यांनी माहेर पाहिलेलं नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे डिंडोलीतलं धनाभाऊंचं दोन खोल्यांचं घर, तेही त्यांनी कधी पाहिलं नाही. ते त्यांना दाखवण्याची एक संधी धनाभाऊंच्या हातात आली होती. ती माझ्यामुळे गेली. धनाभाऊंविषयी लिहायला बसलो आणि चार वेळा कागद फाडला, कारण दर वेळी त्यांचे गुण लिहून मी हे एवढं वाक्य टाळत होतो. आता ते लिहून झालं आहे, म्हणून बाकीचंही लिहितो.

धनाभाऊ अमळनेर तालुक्यातले. सातवीत शाळा सुटली आणि गावच्या चार जणांबरोबर ते सुरतेला आले. आधी बमरोलीत मागावर, मग एका रंगखात्यात पिंपं ओढायला. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या लक्षात आलं की या पोराला रंग दिसतो. म्हणजे आपल्याला दिसतो तसा नव्हे. दोन तुकडे समोर धरले तर एकात पिवळा कणभर जास्त आहे हे ते सांगत, आणि नंतर वजन करून बघितलं तर तसंच निघे. शिकले नव्हते, पण पुढे मोठमोठ्या कॉलेजातून आलेली मुलं त्यांच्यासमोर तुकडा धरून उभी राहत. घरी ते अहिराणी बोलत. माझ्याशी मात्र, मी मास्तर म्हणून, मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत आणि दोन वाक्यांनी घसरत. "दाजी, आपण भोजनास यावे," असं सुरू करून "नहीतं वहिनी कावस तुमनी," म्हणजे नाहीतर वहिनी रागावेल, असं संपवत.

त्यांच्या हातात काही टिकत नसे. बाजारात पहिला आंबा आला की घरी येई, मग तो कितीही महाग असो. दिवाळीचा बोनस दिवाळीआधी संपे. मी याच्या अगदी उलटा. शाळेत उरलेले खडूचे तुकडे मी डब्यात भरून ठेवतो. लग्नात मिळालेला एक शर्टपीस अजून ठेवणीत आहे. धनाभाऊ माझ्या घरी आले की तो खडूंचा डबा उघडून बघत आणि सुमनला म्हणत, "बाई, तुझा नवरा एक दिवस श्वास बी मोजून घेईल." सुमन हसे. मीही हसे. पण खरं सांगतो, मला ते लागायचं. मी त्यांच्यापेक्षा शिकलेला, गल्लीतले लोक इंग्रजी पत्रं, कोर्टाचे कागद, विम्याचे फॉर्म वाचून घ्यायला माझ्याकडे येत. मी सांगेन ते लोक ऐकत. धनाभाऊ मात्र माझ्या शहाणपणाकडे असं बघत, जसं आपण दुसऱ्याच्या घरच्या पाळलेल्या पोपटाकडे बघतो.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या वर्षी त्यांच्या मिलचा माल मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. तिथला व्यापारी म्हणे, शेड जुळत नाही, लॉट परत घ्या. गाडीने माणूस जाईपर्यंत सौदा मोडलेला असे. म्हणून शेठ धनाभाऊंना मुंबईहून विमानाने पाठवू लागले. पहाटेच्या गाडीने मुंबई, तिथून विमान, दुपारी व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन तुकड्याला तुकडा लावून दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत. खाजगी विमान कंपन्या तेव्हा नव्याने सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या एका कंपनीने प्रवाशांसाठी पॉइंटांची योजना काढली. जेवढा प्रवास तेवढे पॉइंट, ठरावीक पॉइंट झाले की येण्याजाण्याचं एक तिकीट फुकट. धनाभाऊंनी विमानात मिळालेला फॉर्म माझ्याकडे आणला. मी तो इंग्रजीत भरून दिला. त्यांच्या गल्लीत टपाल हरवायचं, म्हणून पत्ता माझ्या शाळेचा घातला. तिकीट शेठच्या पैशाचं आणि पॉइंट आपल्या नावावर, हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी सरळ जाऊन शेठना विचारलं. शेठ हसून म्हणाले, "मास्तर, पॉइन्ट तमारा, माल अमारो. लॉट पाछो ना आववो जोइए." लॉट परत यायला नको, एवढंच.

मग आमच्या घरी एक नवीन गोष्ट सुरू झाली. सुमन पाण्याच्या नळावर, किराणा दुकानात, शाळेच्या हळदीकुंकवाला, जिथे जाईल तिथे सांगे, मन्हा भाऊ इमानमा बसी ग्या. एकदा म्हणून झालं नाही, प्रत्येक खेपेला. बायका विचारत, मग गुरुजी कधी बसले? सुमन म्हणे, त्यांचं काय, त्यांना वर्गात जायचं. ती कुठल्याही कुत्सितपणाने हे म्हणत नसे. पण मी भिंतीपलीकडे वही तपासत बसलेलो असे आणि लाल शाईचा फाटा जरा जोरात ओढला जाई.

आमच्या मोठ्या बाईंनी एकदा धनाभाऊंना शाळेत बोलावलं. मुलांना विमानाविषयी काही सांगा म्हणाल्या. पाहुण्यांची ओळख मी करून दिली. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचे वडील मागावर नाहीतर रंगखात्यात. धनाभाऊ टेबलाला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले की वरून ढग कसे दिसतात: गोदामात ग्रेचे तागे उलगडून टाकलेत आणि अजून कुणी रंगवले नाहीत, तसे. ग्रे म्हणजे विणून आलेलं कोरं कापड, हे डिंडोलीतल्या पोरांना सांगावं लागत नाही. सगळा वर्ग त्या ढगांवर जाऊन बसला. एका मुलीने विचारलं, मास्तर, वरचं आभाळ कोणत्या शेडचं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खालून दिसतं त्याच्यापेक्षा दीड टक्का डार्क." मी पंधरा वर्षं त्या शाळेत शिकवत होतो. माझ्या कुठल्या वाक्यावर मुलांचे डोळे तसे झालेले मला आठवत नाहीत. त्या दिवशी त्यांना चहा देताना मी फार अगत्याने वागलो. माणूस आतून जळत असला की जरा जास्तच अगत्याने वागतो.

त्याच हिवाळ्यात कंपनीचं पत्र आलं की पॉइंट पुरेसे झाले आहेत, एक तिकीट घेता येईल. रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. मी पत्र वाचून अर्थ सांगितला. धनाभाऊंनी दुसरा प्रश्नच विचारला नाही. म्हणाले, अक्काला आणू. त्यांनी सगळं ठरवलेलं होतं. मद्रासची पुढची खेप महिना-दीड महिन्यात पडणारच, परत येताना अक्कांना शेजारच्या खुर्चीवर बसवून आणायचं. दोन तासांत मुंबई, पुढे सुरतेपर्यंतची चार तासांची गाडी त्या आडव्या पडून काढतील. त्या जाताना एकट्या गेल्या तरी तिकडे मुलगा घ्यायला येईल. मद्रासला गेले की ते अक्कांना भेटत. त्या भिंतीला धरून चहा करताना त्यांनी पाहिल्या होत्या. ते बोलत असताना सुमन ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा मला स्पष्ट आठवतो.

मी म्हणालो, घाई करू नका.

ते थांबले. मी समजावून सांगायला लागलो, आणि समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. आपल्याकडे बहीण माहेरी येते ती आखाजीला. अक्षय्य तृतीया आपल्या खानदेशात दिवाळीहून मोठी. बहिणीला आणायला भाऊ जातो, त्याला बाकीचे मुऱ्हाळी म्हणतात, आपण मुराई म्हणतो. तो तिच्यासाठीच गेलेला असतो. आणि तुम्ही काय करणार? शेठचा लॉट बिघडला म्हणून जाणार आणि जाता जाता बहिणीला उचलून आणणार. लोक काय म्हणतील? तिच्या सासरचे काय म्हणतील, मुराई सेठाच्या कामाला आला होता? त्यापेक्षा थांबा. असेच पॉइंट साठवा. वर्ष-सव्वा वर्षात दोन तिकिटांपुरते होतील. मग नीट आखाजीच्या आधी, खास तिला आणायला म्हणून जा, आणि दोघं या.

धनाभाऊ म्हणाले, "दाजी, अक्का ज्या दिवशी येईल त्या दिवशी आखाजी."

"ते बोलायला ठीक आहे," मी म्हणालो. "रीत असते काही."

सुमन मध्येच म्हणाली, "दुसरं तिकीट तुमच्या त्या फिक्समधून काढा ना. ह्याच आखाजीला दोघं येतील." बँकेत माझी एक ठेव होती. ती नितीनच्या इंजिनिअरिंगसाठी आहे असं मी म्हणालो. नितीन आमचा मुलगा, तेव्हा सातवीत होता. सुमन पुन्हा ओट्याकडे वळली. धनाभाऊ बराच वेळ ते पत्र उलटंसुलटं करत बसले, जणू मागच्या बाजूने पाहिलं तर शेड वेगळा दिसेल. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तुम्ही शिकलेले," म्हणाले. "ठेवा. साठवू." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं आणि मला त्याचा आनंद झाला. तो आनंद कसला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी रीतीचं बोललो, बचतीचं बोललो, पण आतलं एवढंच होतं की आता भावाच्या जोडीला बहीणही विमानातून उतरेल, सगळी गल्ली स्टेशनवर जाईल, आणि सुमन पुढचं वर्षभर तेच सांगत राहील... मला ते वर्षभराने का होईना, पुढे ढकलायचं होतं.

पुढचं एक वर्ष धनाभाऊ पॉइंट साठवत राहिले. दर दोन-तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र शाळेत यायचं, मी आकडा सांगायचा, आणि ते बोटांवर खेपा मोजायचे. दुसऱ्या आखाजीला तीनेक महिने असताना नेहमीपेक्षा जाड पाकीट आलं. चाचणीचे पेपर तपासायचे होते. मी पहिला परिच्छेद वाचला, त्यात सन्माननीय सदस्य वगैरे होतं, आणि पाकीट हजेरीपटात घालून ठेवलं. महिन्याभराने धनाभाऊ दिल्लीला गेले ते विमानाने परतलेच नाहीत. कंपनीची विमानं बंद पडली होती. काउंटरवर कुणी नव्हतं, लोक आरडाओरडा करत होते. ते गाडीच्या सामान्य डब्यातून दीड दिवस बसून सुरतेला आले आणि घरी जायच्या आधी माझ्याकडे आले. मी दार उघडलं. त्यांनी चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "दाजी, पक्का वाटला होता. कच्चा निघाला." रंगाविषयी बोलतात तसं, आवाजात कसलाही फरक न करता.

ते गेल्यावर मी शाळेत जाऊन ते जाड पाकीट काढलं. पॉइंट लवकर वापरा असं त्यात लिहिलेलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण मी ते पुढे वाचलं नाही. उभ्या उभ्या फाडलं आणि शाळेमागे जाळलं. वाचलं असतं तर एक काहीतरी नक्की कळलं असतं. न वाचल्यामुळे दोन्ही शक्यता माझ्याजवळ राहिल्या, आणि दोन वर्षं मी रोज त्यांतली कधी ही, कधी ती बाहेर काढतो.

धनाभाऊंनी मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. ते प्लॅस्टिकचं कार्ड त्यांनी रंगखात्यात नेलं आणि तराजूच्या ताटलीवर चिकटलेली भुकटी खरवडायला वापरू लागले. फार बरं कार्ड आहे, म्हणायचे, ह्याची धार झिजत नाही. मिलमध्ये गेलो की मला ते ताटलीशेजारी दिसे, कधी निळं झालेलं, कधी राणी. शेठनीही पुढे नमुने कुरियरने पाठवायला सुरुवात केली, विमानाच्या खेपा संपल्या. अक्कांसाठी तिकीट विकत घ्यायचं ठरलं, पण धनाभाऊंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मग थोरलीचं बाळंतपण. आणि या काळात एक बदल झाला, तो मला आधी कळला नाही. त्यांच्या घरी पहिला आंबा येईनासा झाला. बोनस बँकेत जाऊ लागला. एकदा चहाला गेलो तर बशा जुन्याच होत्या, नव्या वर फळीवर कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांच्या पत्नी शोभावहिनी म्हणाल्या, तुमच्यासारखे झालेत हे. त्या कौतुकाने म्हणाल्या. मी बशी खाली ठेवली.

शेवटची भेट ते जाण्याच्या आठवडाभर आधीची. रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले होते. त्या दिवशी मी ठरवलंच होतं सांगायचं, की धनाभाऊ, ते रीतीबितीचं खरं नव्हतं. वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते नितीनला कुठल्याशा रंगाचं गुपित समजावत होते, मग सुमनशी गावाकडच्या शेजाऱ्यांवरून हसत राहिले, आणि मी वाट पाहत राहिलो की आपण दोघंच कधी उरतो. निघताना मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथे बोलता आलं असतं. रिक्षा आली. पुढच्या रविवारी बोलू असं मनाशी म्हणून मी परत फिरलो... साठवण्याची सवय ही अशी असते. ती पैशापुरती राहत नाही.

दिवसकार्य झाल्यावर दहाएक दिवसांनी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून अक्कांना फोन लावला. घरून लावला असता तर सुमनने ऐकलं असतं, म्हणून. विचारपूस झाली. तब्येत, औषधं, यजमानांचं पेन्शन. समोर लाल आकडे पळत होते. मग मी सगळं सांगितलं. एक तिकीट आलं होतं ते, धनाभाऊंचा बेत, माझं समजावणं, मुराईची रीत, ठेव, पाकीट. सुमनचं कौतुक आणि माझा जळफळाट, तेही. मधे एकदाही त्यांनी हुंकार दिला नाही. फोन तुटला की काय असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"ऐकी राहिनू," अक्का म्हणाल्या. ऐकतेय.

 मग त्या म्हणाल्या, "दाजी, तुम्ही दोन्ही जण इतलं बोलनात. माले कोनी इचारं का?"

 मद्रासला एक फोन लावायचा, एवढीच गोष्ट होती. ती आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. धनाभाऊंना तिला चकित करायचं होतं, आणि मला तिच्या वतीने रीत सांभाळायची होती. अक्का पुढे शांतपणे बोलत राहिल्या, त्यांनी काही आवाज चढवला नाही. सेठाच्या कामाला आला असता तरी तो भाऊच होता, म्हणाल्या. एकली बसवून दिली असती तरी मी उनी असती, म्हणजे आले असते. मला तिकडे कुणाला काय दाखवायचं होतं? त्याच्या घरी एक रात्र निजायचं होतं. मग म्हणाल्या, आता ठेवा, तुमचं बिल वाढत असेल. मी फोन ठेवला. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही, आणि तो प्रश्न त्यांच्यावर टाकण्याचा मला अधिकारही नाही. मी बूथवाल्याला पैसे देत असताना मला एवढं कळलं की या वेळी तरी निदान विचारायला हवं. मी पुन्हा आत गेलो, पुन्हा नंबर फिरवला, आणि विचारलं, अक्का, यंदा आखाजीला याल का? मी घ्यायला येतो.

त्या म्हणाल्या, "जवाई कधी मुराई व्हस का?" आणि मग, पहिल्यांदाच, रडल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, या.

ठेव मोडली. बँकेतल्या माणसाने मुदतीला सहा महिनेच राहिलेत, व्याज बुडेल असं दोनदा सांगितलं. सुमनला मी पावती दाखवली तेव्हा तिने फक्त विचारलं, खिडकीशी कोण बसणार? नितीनने हिशोब मांडून दाखवला की मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार तो मामांच्या कामासाठी. गल्लीत बातमी झाली आहे. जावई मुराई म्हणून निघाला, अशी थट्टाही चालली आहे, आणि ती बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात मी गाडीने मद्रासला जातो आहे. येताना अक्का बरोबर असतील, विमानाने.

काल संध्याकाळी शोभावहिनींकडे गेलो होतो, अक्कांची झोपायची सोय कुठे करायची ते बघायला. पुढच्या खोलीत धनाभाऊंची खाट आहे तीच द्यायची असं ठरलं. बोलता बोलता वहिनी उठल्या आणि लोखंडी पेटीतून तीन साड्या काढून त्यांनी माझ्यासमोर खाटेवर ठेवल्या. मला या साड्यांविषयी काही माहीत नव्हतं. एक आंब्याच्या कोवळ्या पालवीची, एक वांगी, एक चिंचोक्याची. धनाभाऊंनी दर आखाजीला अक्कांसाठी साडीपुरतं कोरं कापड वेगळं काढून स्वतः रंगवलं होतं. माहेरची साडी माहेरीच द्यायची, टपालाने पाठवायची नाही, म्हणून दरसाल ती पेटीत जात राहिली. तिसरी यंदाची, ते जाण्याच्या महिनाभर आधी तयार केलेली. प्रत्येकीच्या घडीत त्यांच्या हातची चिठ्ठी, मिलमध्ये नमुन्याला लावतात तशी: कोणता रंग किती टक्के, किती मिनिटं, आणि वर कोपऱ्यात "अक्का".

वहिनी म्हणाल्या, "दाजी, मी म्हणते, तिन्ही एकदम नको द्यायला. यंदा एक देऊ. पुढच्या साली एक, त्याच्या पुढच्या साली एक. म्हणजे ती येत राहील. तुम्ही सांगा, कसं करू?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. आजवर या घरात, या गल्लीत, कुणी असं विचारलं की माझ्याजवळ उत्तर तयार असे, कारणांसकट. मी वांगी साडीची चिठ्ठी हातात घेऊन बसलो होतो. धनाभाऊंचा चार हा आकडा नेहमी नऊसारखा यायचा, तसाच इथेही आला होता.

"अक्का येताहेत," मी म्हणालो. "त्यांनाच विचारू."